घर कुणाच्या गुडघ्यासाठी बदलतं?

इव्हान इलिच पडद्यापायी मेला. टॉलस्टॉयच्या 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' (१८८६) या लघुकादंबरीचं असं एका ओळीत सार सांगितलं तर जाणकार रागावतील. पण शेवटच्या दिवसांत खुद्द इव्हान इलिचच्याच मनात हा विचार येतो, आणि तो त्याला इतका हास्यास्पद वाटतो की त्यावर विश्वासच बसत नाही. झालेलं असतं ते असं. चांगल्या पगाराची नवी जागा मिळते, पीटर्सबर्गला मनासारखं घर मिळतं. बायकामुलं मागून यायची असतात, म्हणून हा पुढे जाऊन घर लावायला घेतो. वॉलपेपर स्वतः निवडतो, जुन्या घाटाचं फर्निचर शोधून आणतो, रात्री पडल्या पडल्या दिवाणखाना पुरा झाल्यावर कसा दिसेल याची चित्रं रंगवतो. पडदे लावणाऱ्याला चुण्या कशा हव्यात हे कळेना, म्हणून दाखवायला स्वतःच शिडीवर चढतो. पाय निसटतो. तो सावरतो, पण कुशीला खिडकीच्या चौकटीची मूठ लागते. थोडं दुखतं, मग थांबतं. घरचे आल्यावर तो हा प्रसंग हसत हसत सांगतो. पुढे कधीतरी तोंडाला विचित्र चव यायला लागते, डाव्या कुशीत जडपणा वाटतो, एकामागून एक डॉक्टर येतात, आणि तो माणूस त्याच घरात, त्याच पडद्यांच्या आड, कण्हत कण्हत संपतो.

या कादंबरीवर लिहिणारे बहुतेक जण मृत्यूवर लिहितात. खोटं जगणं, उशिरा आलेली जाग, शेवटचा उजेड. ते सगळं त्यात आहेच. पण टॉलस्टॉयने घर लावण्यावर खर्च केलेली पानं या वाचनात नेपथ्य होऊन जातात. माझ्या बाबतीत उलटं झालं. मी ही कादंबरी २०२४ च्या डिसेंबरात गंगाखेडला घरी वाचली, उजवा पाय दोन उशांवर ठेवून. पुण्यात बॉक्स क्रिकेट खेळताना गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं, त्याची शस्त्रक्रिया होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि लॅपटॉपवर जमेल तेवढं काम करायची मुभा मिळाली होती. त्याच महिन्यात आमच्या घराचं काम निघालं होतं. मराठवाड्यात घराचं काम काढायचं तर दिवाळीनंतरच. पाऊस गेलेला असतो, पाण्याची ओढ अजून लागलेली नसते, आणि लग्नसराईच्या आत रंग वाळायला हवा असतो. गुडघ्याने काही हे वेळापत्रक पाहिलं नव्हतं. त्यामुळे माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे दिवसभर टाइल कटर चालायचा आणि अलीकडे मी इव्हान इलिच वाचायचो. अशा वेळी पडद्याचा प्रसंग नेपथ्य राहत नाही.

त्या महिन्यात मी जे वाचलं त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला: घर कुणाच्या शरीरासाठी बदलतं? साहित्यात आजारपणाबद्दल पुष्कळ आहे, घराबद्दल तर त्याहून जास्त. पण आजारी माणूस आणि दुरुस्तीला काढलेलं घर एका छपराखाली येतात तेव्हा, कुणाचा खर्च आधी, कुणाचा त्रास मोठा, कुणाच्या सोयीने भिंत कुठे येणार, हे हिशेब उघडे पडतात.

इव्हान इलिचचं घर त्याच्या शरीरासाठी लावलेलं नाही, पाहुण्यांसाठी लावलेलं आहे. टॉलस्टॉय इथे निर्दयपणे नेमका आहे. तो सांगतो की हे घर मालकाला अगदी वेगळं वाटत होतं, पण फार श्रीमंत नसलेली आणि श्रीमंतांसारखी दिसू पाहणारी सगळी माणसं जसं घर लावतात तसंच ते होतं, म्हणून ती सगळी घरं एकमेकांसारखीच दिसतात. कादंबरी सुरू होते ती मात्र इव्हान इलिच मेल्यावर. समाचाराला आलेला मित्र दिवाणखान्यात एका बुटक्या, स्प्रिंगा बिघडलेल्या बैठकीवर बसतो, ती त्याच्या वजनाखाली आवाज करत राहते, आणि विधवेच्या शालीची लेस टेबलाच्या नक्षीत अडकते. मित्राला आठवतं की याच खोलीच्या कापडाबद्दल इव्हान इलिचने आपला सल्ला घेतला होता. ज्या घरासाठी जीव गेला ते घर शोक करणाऱ्यांनाही धड बसू देत नाही. आपल्याकडे हॉलमध्ये प्लास्टिक न काढलेला सोफा आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडलेले आजोबा ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

दुसरी गोष्ट याच्या उलट्या टोकाची आहे. शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' ही कथा १८९२ साली छापून आली. बाळंतपणानंतर मन खचलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा हवापालटासाठी एका जुन्या भाड्याच्या हवेलीत आणतो. लिहायचं नाही, विचार करायचा नाही, पडून राहायचं. तिला वरच्या मजल्यावरची खोली मिळते. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला, भिंतीवर किळसवाणा पिवळा कागद, तोही जागोजागी फाटलेला. ती म्हणते, हा कागद बदलू या. नवरा आधी हो म्हणतो, मग विचार बदलतो. आज कागद, उद्या पलंग, परवा खिडकीचे गज, असं तुझं वाढतच जाईल, असं त्याचं म्हणणं. शिवाय तीन महिन्यांच्या भाड्यासाठी कुणी घर दुरुस्त करतं का? पुढचं सर्वांना माहीत आहे. ती बाई त्या कागदाच्या नक्षीत आणखी एक कोंडलेली बाई पाहते आणि शेवटी कागद ओरबाडून काढते.

स्त्रीवादी समीक्षेने ही कथा १९७० च्या दशकात पुन्हा वर काढली आणि तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं. गिलमनने स्वतः १८८७ साली असा 'विश्रांतीचा उपचार' घेतला होता, हेही सांगितलं जातं. पण कथेतल्या एका बारक्या तपशिलावर मला फारसं कुणी थांबलेलं दिसत नाही. ती नवऱ्याला म्हणते, आपण इथून जाऊ या. तो म्हणतो, आपल्या घराची दुरुस्ती अजून संपलेली नाही. म्हणजे यांचं स्वतःचं घर त्याच वेळी दुरुस्त होत आहे! एका घरावर पैसा, माणसं, वेळ खर्च होतोय, आणि जिच्या डोळ्यासमोर तो भिंतकागद रात्रंदिवस आहे तिच्यासाठी एक भिंतही बदलत नाही. जॉन दुष्ट नाही, कंजूषही नसावा. त्याचा हिशेब व्यवहारी आहे: दुरुस्ती कायमच्या घराची करायची, तात्पुरत्या शरीराची नाही. एका साध्या संवादात गिलमनने घरातली सत्ता कशी चालते ते दाखवलं आहे. आवाज न चढवता, अंदाजपत्रकाच्या भाषेत.

काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये (१९१५) खोली बदलते, तीही आजाऱ्याच्याच सोयीसाठी. किडा झालेल्या ग्रेगोरला भिंतींवर मोकळेपणी फिरता यावं म्हणून बहीण आणि आई त्याचं फर्निचर हलवायला घेतात. आई मध्येच थांबते. तिला वाटतं, सामान काढून आपण त्याला जणू सांगतोय की तू बरा होशील ही आशा आम्ही सोडली. ही शंका मला सगळ्या आजारसाहित्यातली सर्वांत शहाणी शंका वाटते. घरात कमोडची खुर्ची आली, दाराशी रॅम्प आला, पलंग खालच्या खोलीत आला, की मदतीसोबत एक निकालही आलेला असतो. पुढे तर घरातली सगळी अडगळ ग्रेगोरच्याच खोलीत साठवली जाते, कारण बाकी खोल्या भाडेकरूंना हव्या असतात. हे काही काफ्काच्या अद्भुतातलं नाही. ज्या घरात काम निघतं तिथे जी खोली शेवटी फोडायची असते तिच्यात सगळं येतं, आणि आजारी माणूस असतो ती खोली नेहमी शेवटची. माझ्या पलंगाभोवती गव्हाची कोठी, शिलाई मशीन, देवघराचा चौरंग आणि पुट्टीच्या चार पिशव्या होत्या.

०

मराठीकडे वळलो की पहिली पंचाईत होते ती विनोदाची. घर बांधणं हा आपल्याकडे विनोदाचा आणि म्हणींचा प्रांत आहे. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. पु. ल. देशपांड्यांच्या 'मी आणि माझा शत्रुपक्ष'मधला, नवं घर दाखवत पाहुण्याला दमवणारा घरमालक तर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो हसवतो कारण त्याच्या घरात अजून कुणी राहत नाही. विटा आहेत, खोल्यांची नावं आहेत, शरीरं नाहीत. एकदा घरात शरीरं आली की विनोद अवघड होतो, आणि तिथे महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' उभं राहतं.

१९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आलेल्या आणि पुढे १९९४ मध्ये 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त'सह त्रिनाट्यधारेत सादर झालेल्या या नाटकाबद्दल एक ठरलेलं वाचन आहे. वाडा म्हणजे ढासळती सरंजामी व्यवस्था, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर म्हणजे फसलेली आधुनिकता. परीक्षेत हेच लिहितात आणि ते चूक नाही. पण वाड्याचं इतक्या घाईने प्रतीक केलं की त्यात राहणाऱ्यांचे हातपाय दिसेनासे होतात. मला या नाटकात दोन शरीरं दिसतात. एक आतल्या खोलीतली दादी. ती अंथरुणाला खिळली आहे आणि आपल्या मुलाला, तात्याजींना, हाका मारून किती वाजले ते विचारत राहते. तात्याजी वारले आहेत, नाटकच त्यांच्या मरणानंतर सुरू होतं. या प्रश्नाला काळाचं प्रतीक म्हणतात. पण दोन आठवडे छताकडे बघत काढलेल्या कुणालाही विचारा, अंथरुणावरचा माणूस खरोखर हाच प्रश्न विचारतो. वेळ ही उभ्या माणसांची गोष्ट असते, ती मागून घ्यावी लागते.

दुसरं शरीर चंदूचं. धाकटा, बिनलग्नाचा, घरातली सगळी कष्टाची कामं त्याच्याकडे. अंगणातल्या त्या ट्रॅक्टरला ठेचकाळून त्याचा पाय दुखावतो, आणि घरात त्या पायाकडे बघायला कुणाला सवड नसते. सवड नसते कारण तेरवी करायची आहे, देशपांड्यांच्या इभ्रतीला शोभेल अशी, आणि त्यासाठी वाड्याचा काही भाग विकायची तयारी होते. म्हणजे या घरात पैसा मुळीच उभा राहत नाही असं नाही. तो मेलेल्या माणसासाठी उभा राहतो. चालत्याबोलत्या, लंगडणाऱ्या माणसासाठी राहत नाही. गिलमनच्या जॉनचं अंदाजपत्रक इथे वऱ्हाडी झालं आहे. एलकुंचवारांचं मोठेपण मला यात वाटतं की ते चंदूला याबद्दल भाषण करू देत नाहीत. तो पाय ओढत काम करत राहतो.

आपल्या भागात वाडा प्रतीक म्हणून वाचण्याला आणखी एक मर्यादा आहे. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. जाड दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर लाकडाचा थर आणि त्यावर मातीचा. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा याच भिंती आणि हीच छपरं झोपलेल्या हजारो माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाकडे कुणी पूर्वीच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. २०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला, दोन्ही वेळा सकाळी, हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते परभणी जिल्ह्यातही जाणवले. आमच्या घराचं काम निघालं ते या जुलैमुळे. पुढच्या खोल्या स्लॅबच्या होत्या, मागे आजोबांनी बांधलेलं माळवद होतं, आणि आई-वडील तिथे झोपायचे. वडील म्हणाले, या हिवाळ्यात ते उतरवायचं. ज्या प्रदेशात छप्पर खरोखर अंगावर येतं तिथे 'ढासळता वाडा' हे आधी अभियांत्रिकीचं वाक्य असतं, मग साहित्याचं. समीक्षेने ही पहिली पायरी गाळू नये एवढंच माझं म्हणणं.

०

आता त्या प्रश्नाचं घरगुती उत्तर. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उकिडवं बसता येत नाही, म्हणून मी यायच्या आठ दिवस आधी वडिलांनी मिस्त्रींना सांगून कमोड बसवून घेतला, भिंतीला धरायला स्टीलची दांडी लावली, न्हाणीचा उंबरा काढून टाकला. काम चालूच होतं, त्यात हे वाढवलं. माझ्यासाठी ही सोय सहा आठवड्यांची होती. माझ्या आईचे गुडघे बारा वर्षांपासून झिजलेले आहेत. डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगून चार वर्षं झाली. "घराचं होऊन जाऊ दे, मग बघू," हे तिचं वाक्य आम्ही सर्वांनी पाठ केलं आहे. त्या दांडीला धरून उठताना ती एकदा म्हणाली, "बरं झालं बाई, तुझ्या पायानं माझी सोय झाली." ती खूश होती. वाक्यात कुठलाही टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते कथेतल्या त्या दुरुस्तीच्या संवादाशेजारी ठेवावंसं वाटतं. बारा वर्षं दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी जे घर बदललं नाही ते सहा आठवड्यांच्या गुडघ्यासाठी आठ दिवसांत बदललं. यात कुणीही दुष्ट नाही. जॉनही नव्हता.

वडिलांची एक वही आहे. त्यात सिमेंटच्या पिशव्या, वाळूच्या खेपा, मिस्त्रींची उचल आणि माझी औषधं, फिजिओथेरपी, बर्फाची पिशवी हे सगळं एकाच रकान्यात, तारखेवार लिहिलेलं आहे. मी ती चाळली. डेटाबेसची सवय असलेल्या माणसाला असं एकत्र टेबल पाहून खरं तर बरं वाटतं: सगळा खर्च एका जागी. पण जो खर्च झालाच नाही त्याची नोंद कुठल्याच टेबलात नसते. आईचं नाव त्या वहीत एकदाही नाही. कुटुंबावरच्या कादंबऱ्या मला आता या वहीसारख्या वाचाव्याशा वाटतात, आणि प्रत्येक कादंबरीला विचारावंसं वाटतं की तुझ्या रकान्यात कोण आलंच नाही.

टॉलस्टॉयच्या कादंबरीत ज्याची नोंद व्हायला हवी होती आणि झाली असा एक जण आहे: गेरासिम. घरातला तरुण खेडूत नोकर. इव्हान इलिचचे पाय उंच धरले की त्याला बरं वाटतं, म्हणून गेरासिम रात्र रात्र ते पाय खांद्यावर घेऊन बसतो. कंटाळा नाही, खोटा धीर नाही. आपणही सगळे मरणारच, मग एवढं करायला काय झालं, असा त्याचा सरळ हिशेब. सगळ्या कादंबरीत खरा फक्त तोच, हे समीक्षक सांगतात. पण गेरासिमचे खांदे दुखतात का, हे टॉलस्टॉय आपल्याला जाणवू देत नाही. तो निरोगी, हसतमुख, दणकट आहे. पडलेल्या माणसाला असाच नोकर हवा असतो. ही सगळी थोर पुस्तकं पडलेल्या माणसाच्या उंचीवरून लिहिलेली आहेत. उभं राहून करणारा त्यांत देवदूत होतो नाही तर शत्रू, थकलेला माणूस क्वचितच होतो. मागची खोली उकरली होती तेव्हा मला कमोडपर्यंत जायला वाट नव्हती. दोन दिवस एक बिगारी, माझ्याच वयाचा, मला खांद्याला धरून फळीवरून पलीकडे न्यायचा. "काय वाचायलाव दादा?" त्याने विचारलं. मी सांगितलं, एक माणूस पडदा लावताना पडतो आणि मरतो. तो हसला. म्हणाला, त्याचा चुलता परांचीवरून पडला होता, तो नाही मेला. पण त्याची गोष्ट कुणी लिहिली असेल असं त्याला वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

उभ्या माणसाच्या बाजूने लिहिलेलं साहित्य शोधायला मला गंगाखेडच्या बाहेर जावं लागत नाही. संत जनाबाईचं जन्मगाव हेच. नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांमध्ये विठ्ठल येतो तो तिला दर्शन द्यायला नाही, हाताला हात लावायला. दळण दळतो, शेणी वेचतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. आम्ही हे लहानपणापासून भक्तीचं उदाहरण म्हणून ऐकलं. या हिवाळ्यात मला ते घरकामाच्या वाटपाबद्दलचं फार धारदार लेखन वाटलं. सगळ्या घराची सेवा करणाऱ्या बाईची सेवा कोण करणार? माणसांमध्ये असं कुणी नाही, म्हणून देवाला बोलवावं लागतं. टॉलस्टॉयला पडलेल्या न्यायाधीशासाठी गेरासिम सुचला. जनाबाईने गेरासिमच्या थकव्याचं काय, हा प्रश्न त्याच्याआधी साडेपाचशे वर्षं विचारून ठेवला होता. तिला पुरोगामी ठरवायची घाई मला नाही. पण परंपरा आणि आधुनिकता यांच्या खात्यांत हिशेब मांडताना तिच्या अभंगांतला हा व्यवहारी कोपरा आपण भक्तिरसाने लिंपून टाकला आहे, असं मला वाटतं.

आणि मग अशी शरीरं येतात ज्यांच्यासाठी बदलायला घरच नसतं. हिवाळा हा आमच्याकडे बांधकामाचा हंगाम तसाच ऊसतोडीचाही. दसऱ्यानंतर गंगाखेड तालुक्यातूनही कुटुंबं कोयते घेऊन निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये राहतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. सरकारी पाहणीत तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढल्याचं नोंदलं गेलं. या शस्त्रक्रियांच्या कारणांवर खूप चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मात्र कमी बोललं गेलं. टाके ओले असताना मोळी उचलायची की उचल फेडायची? 'घरी विश्रांती घ्या' या डॉक्टरी वाक्यात दोन गोष्टी गृहीत आहेत, घर आणि विश्रांती. आजारपणाच्या साहित्यावर लिहिताना आपण हे वाक्य इतकं सहज मान्य करतो, की ज्या आजारपणात ही दोन्ही नाहीत ते साहित्याच्या व्याख्येतच बसत नाही.

०

शेवटचा मुद्दा आकृतिबंधाचा. इव्हान इलिच मरतो, गिलमनची बाई वेडी होते, ग्रेगोर वाळून जातो. तिघांपैकी कुणी बरं होत नाही. हा योगायोग नाही. कथेला उतार लागतो, आणि बरं होण्याला उतार नसतो. रोज गुडघा आणखी दोन अंश वाकतो, बस. आमचा स्लॅब पडला तेव्हा मिस्त्री म्हणाले, थंडी आहे, माल सावकाश धरतो, बल्ल्या चार दिवस जास्त राहू द्या, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारत जा. वडील तीन आठवडे पाणी मारत राहिले. बाहेरून काही बदललेलं दिसत नव्हतं. काँक्रीट मजबूत होतं ते या न दिसणाऱ्या दिवसांत. या दिवसांची गोष्ट कशी सांगायची?

मराठीत याचं एक उत्तर आहे, फक्त आपण ते निसर्गलेखन म्हणून वेगळ्या फडताळात ठेवलं आहे. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६). एकेका महिन्याचं एक प्रकरण, आणि त्या महिन्यात झाडं, पाखरं, आभाळ काय करतात याचं वर्णन. कथानक नाही, नायक नाही. आदिवासी भागात संशोधनासाठी फिरताना झालेल्या विषबाधेनंतर दुर्गाबाईंनी काही वर्षं अंथरुणावर काढली होती. त्या आजारपणातूनच हे पुस्तक आलं असं मी म्हणणार नाही. पण एका जागी बसून रोज तेच झाड बघितल्याशिवाय ते दिसत नाही असं जे काही त्यात आहे, ती आजाऱ्याची नजर आहे. ती नजर घाईत नसते आणि तिला शेवटाची ओढ नसते. पानं गळतात ते शोकांतिका म्हणून येत नाही, पुढच्या महिन्यात पालवी येणार हे माहीत असतं. बरं होण्याला गोष्टीपेक्षा हा आकार जास्त जवळचा आहे.

मात्र 'ऋतुचक्र'मध्ये घर नाही, स्वयंपाकघर नाही, वही नाही. आपल्याला वाचायला हवं आहे ते पुस्तक या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल. त्यात महिन्यांची चाल दुर्गाबाईंची असेल आणि नजर जनाबाईची. त्यात चंदूच्या पायाला एक अख्खं प्रकरण मिळेल. परांचीवरून पडून न मेलेल्या चुलत्याला बोलायला जागा असेल. आणि ज्या बाईचे गुडघे बारा वर्षं दुखत होते तिची शस्त्रक्रिया घराचं झाल्यावर नव्हे, घराच्या आधी होईल. वडिलांच्या वहीत फेब्रुवारीत, रंगाच्या डब्यांच्या खाली, एक नवी ओळ आली आहे: आईचा एक्स-रे, तारीख आणि रक्कम. साहित्याला एवढ्या ओळीत रस नसेल तर समीक्षेने तरी घ्यावा.